फॉरमॅट मारायच्या आधी: रखडणारा घरचा कॉम्प्युटर नेमका कुठे अडतोय?

वेताळटेकडी

"पीसी फार स्लो झालाय, नवीन घेऊ का?" हा प्रश्न नात्यातून, ओळखीतून, सोसायटीच्या ग्रुपवर सतत येतो. उत्तरंही ठरलेली असतात. एक म्हणतो फॉरमॅट मार (म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाक), दुसरा म्हणतो रॅम वाढव, तिसरा कुठल्यातरी क्लीनरची लिंक पाठवतो. यातलं प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या मशीनसाठी बरोबर असतं. पण आपल्या मशीनचं दुखणं कुठलं, हे कुणी बघतच नाही. चांगली चालू शकणारी मशीन भंगारात जातात आणि निवृत्तीच्या पैशातून तीस-चाळीस हजारांचा लॅपटॉप घेतला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

पैसा, सॉफ्टवेअर काहीही लागत नाही. कॉम्प्युटर सुरू करा, पाच मिनिटं त्याला हात लावू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी दिसली तर खाली 'मोअर डिटेल्स' दाबा. आता वर सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम, म्हणजे चालू कामं ठेवायची तात्पुरती जागा), डिस्क (फाइल कायम साठवायची जागा) अशा रकान्यांच्या डोक्यावर टक्के दिसतील. तुम्ही एरवी करता ती कामं करा, म्हणजे ब्राउझर उघडा, एखादी एक्सेल फाइल उघडा, आणि टक्क्यांकडे नजर ठेवा.

आधी मेमरी बघा. ती सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. रॅम कमी पडली की विंडोज काही माल डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं, त्यामुळे डिस्कचा आकडाही चढतो. म्हणून डिस्क १०० टक्के दिसली की लगेच डिस्कला दोष देऊ नका. मेमरी ५०-६० टक्क्यांवर आणि तरीही डिस्क १०० टक्के असेल, तर मात्र अडचण डिस्कचीच.

अशा वेळी डिस्कच्या रकान्यात वेग बघितला तर सेकंदाला दोन-तीन एमबी एवढाच दिसतो. लोक गोंधळतात, की एवढंसं काम आणि १०० टक्के कसे? जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि वाचणारं टोक तिच्यावर मागे-पुढे सरकतं. लॅपटॉपची साधी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. टोक हलवण्याचा वेळ धरला तर विखुरलेल्या छोट्या मागण्या सेकंदाला शंभरच्या आसपासच पुऱ्या होतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो मागण्या करतं. वाण्याला यादी न देता एकेक जिन्नस मागत बसलं तर सामान थोडं असूनही तासभर जातो, तसं हे आहे. एसएसडी म्हणजे चिपमध्ये साठवणारी नव्या प्रकारची डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ती अशा मागण्या सेकंदाला हजारोंनी पुऱ्या करते. दहा वर्षांपूर्वीच्या मशीनलाही एसएसडी बसवली की फरक डोळ्यांना दिसतो तो यामुळे.

तिसरी शक्यता सीपीयू. हा सतत चढलेला असेल तर खालच्या यादीत कोण खातंय ते दिसतंच. दोन अँटिव्हायरस एकदम चालू असणं हे नेहमीचं कारण. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरगुती वापराला पुरतो. दुसरा विकत घेतला असेल तर एकच ठेवा, आणि जुना काढताना नीट अनइन्स्टॉल करा.

फुकटातली कामं आधी उरकून घ्या. टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' आहे. तिथे प्रिंटरची मदतनीस, मीटिंगची ॲप्स, गाण्यांची, खेळांची, टोरंटची ॲप्स असा सगळा जमाव असतो. राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. ॲप उडत नाही, फक्त आपणहून सुरू व्हायचं थांबतं. अँटिव्हायरस, टचपॅड आणि आवाजाचे ड्रायव्हर (ते भाग चालवणारं सॉफ्टवेअर) यांना हात लावू नका.

मग जागा. सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथे जा. पण पुसण्याआधी यादीतल्या 'डाउनलोड्स'वरची खूण काढलेली आहे ना, ते बघा. विंडोज डाउनलोड्सचं फोल्डरही या यादीत दाखवतं, आणि आपल्याकडे लाइट बिलापासून पॅन कार्डाच्या स्कॅनपर्यंत सगळं डाउनलोड्समध्येच पडलेलं असतं.

आणखी एक. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. त्यात शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' बघा. रोज रात्री बंद करूनही तिथे कित्येक दिवस दिसतात ते त्यामुळे. आठवड्यातून एकदा शटडाउनऐवजी रीस्टार्ट करत जा.

काय करू नये हेही लिहितो. रजिस्ट्री (विंडोजची सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारे 'रजिस्ट्री क्लीनर' वापरू नका, मायक्रोसॉफ्ट स्वतःच त्यांना पाठिंबा देत नाही. रजिस्ट्रीतल्या दोन-चारशे जुन्या नोंदी उडवल्याने वेगात फरक पडत नाही, चुकीची नोंद उडाली तर मात्र मशीन अडतं. 'ड्रायव्हर अपडेटर', 'पीसी बूस्टर' यांच्या वाटेलाही जाऊ नका. नावाजलेलं साधनही पूर्ण सुरक्षित नसतं: २०१७ साली सीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी मालवेअर घुसवलं होतं, आणि लोकांनी ती अधिकृत ठिकाणाहूनच उतरवून घेतली होती. एसएसडीला डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइल सलग मांडणं) लागत नाही. विंडोज तिची निगा आपणहून ठेवतं.

आपापल्या मशीनचे आकडे टाका, मिळून बघू.

रानजाई

फार उपयोगी लिहिलंत. आकडे लगेच बघितले. मशीन बाबांचं, २०१४ च्या आसपासचा असेम्बल्ड डेस्कटॉप. विंडोज १०. मेमरी ७८ टक्के, डिस्क सुरुवातीची दहा-बारा मिनिटं सलग १००, मग कमीजास्त. रॅम ४ जीबी. ते शेअर्स बघतात, ई-पेपर वाचतात, व्हॉट्सॲप वेब चालू असतं. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे झाले तर रॅम की एसएसडी?

वेताळटेकडी

@रानजाई, ब्राउझर उघडल्यावर मेमरी किती होते ते सांगा. शिवाय परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलंत की उजवीकडे खाली 'स्लॉट्स यूज्ड' दिसेल. दोनपैकी एकच वापरात असेल तर दुसऱ्यात आणखी ४ जीबीची पट्टी बसेल. एकच गोष्ट म्हणाल तर तुमच्या आकड्यांवरून आधी एसएसडी.

सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे 'सिस्टीम टाइप'सुद्धा बघा. ३२ बिटचं विंडोज असेल तर ते ४ जीबीच्या पुढची रॅम वापरूच शकत नाही. प्रत्यक्षात सव्वातीन-साडेतीन जीबीच हाती लागते. त्या काळात असेम्बल करून देणारे बरेच जण ३२ बिटचंच टाकून द्यायचे. तसं असेल तर नवीन रॅमचे पैसे वाया जातील.

लोखंडीपूल

मी सांगलीकडं दुरुस्तीचं दुकान चालवतो. वरचं सगळं बरोबर आहे, त्यात दुकानातल्या अनुभवातलं थोडं घालतो.

डिस्क १०० टक्के दिसतेय म्हणून एसएसडी घ्यायला पळायच्या आधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते 'गुड', 'कॉशन' किंवा 'बॅड' असं सरळ दाखवतं. त्यात दोन ओळी महत्त्वाच्या. एक 'रीॲलोकेटेड सेक्टर्स', दुसरी 'करंट पेंडिंग सेक्टर'. या दोन्ही शून्य पाहिजेत. पेंडिंगचा आकडा वाढत असेल तर डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असते, म्हणून मशीन मिनिट-मिनिट थिजतं. हा स्लोपणा नाही, डिस्क जायला लागल्याची खूण आहे. अशा वेळी पहिलं काम बॅकअप. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडं काढा, बाकी सगळं नंतर. डिस्कमधून टकटक असा ठरावीक आवाज येत असेल तर मशीन बंदच करा आणि जाणकाराकडं द्या. अशा डिस्कवर स्कॅन चालवत बसलं तर उरलंसुरलं पण जातं.

दुसरं म्हणजे धूळ. पीसी जमिनीवर, टेबलाखाली ठेवलेला असतो. पुढून हवा ओढतो, आणि केरसुणीनं उडालेला सगळा कचरा आत. सीपीयूवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पाती असतात. बऱ्याचदा पंखा काढल्यावर त्या पातींवर धुळीचा सलग जाड थर निघतो, बोटानं उचलला तर वाकळेगत अखंड येतो. पंखा गरगरत असतो, पण हवा खाली जातच नाही. मग प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. ओळखायचं कसं? सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं बरा चालतो आणि मग मंदावतो, पंख्याचा आवाज वाढतो, तर गरमपणाचं कारण धरा.

साफ करताना प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं किंवा काडीनं धरून ठेवा. ब्लोअरच्या जोरानं पंखा भलत्या वेगानं फिरला तर बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाला लावू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. मऊ ब्रश चालतो. पाच-सात वर्षांत एकदा थर्मल पेस्ट बदला, जुनी वाळून खडूसारखी झालेली असते. नवीन लावताना मुगाच्या दाण्याएवढी बास, जास्त लावून जास्त थंड होत नाही.

रॅम काढून सोनेरी दात पांढऱ्या खोडरबरनं हलके पुसा आणि परत टक असा आवाज येईपर्यंत बसवा. यानं वेग वाढत नाही, पण अधूनमधून अडकणं, सुरूच न होणं हे बरेचदा थांबतं. कोकणात, समुद्राकाठी याची गरज जास्त पडते.

@रानजाई ताई, २०१४ चं मशीन म्हणजे बहुतेक डीडीआर३ रॅम. डीडीआर४ ची पट्टी त्यात बसणारच नाही, खाच वेगळ्या जागी असते. जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्या. आणि एसएसडी घेताना साटाची (डिस्क केबलने जोडायची एक पद्धत) अडीच इंची घ्या. डेस्कटॉपला साटाची एक जादा केबल लागेल ती पण आठवणीनं मागा.

घाटमाथा

एवढा खटाटोप कशाला? मी दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत फॉरमॅट मारतो. एका दुपारचं काम. मशीन नव्यासारखं. टास्क मॅनेजर बघत बसायला कुणाला वेळ आहे?

वेताळटेकडी

@घाटमाथा, तुम्ही स्वतःचं मशीन स्वतः फॉरमॅट करता, काय कुठे ठेवलंय हे तुम्हाला माहीत असतं, तुमच्यासाठी ते ठीकच आहे. पण फॉरमॅटने वेग का येतो? स्टार्टअपचा जमाव जातो, सी ड्राइव्ह रिकामा होतो, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स (त्याला जोडलेली छोटी ॲप्स) जातात. ही तीनही कामं फॉरमॅट न करता अर्ध्या तासात होतात. डिस्क किंवा रॅम हे दुखणं असेल तर फॉरमॅटनंतर महिनाभरात मशीन मूळपदावर येतं. दर वर्षी करावं लागतंय, यावरूनच ते कळतं.

दुसऱ्याच्या घरी फॉरमॅट मारणं ही फार जबाबदारीची गोष्ट आहे. आईवडिलांच्या मशीनवर काय काय असतं ते त्यांनाही सांगता येत नाही. आउटलुकची जुनी मेल एका फाइलमध्ये कुठेतरी आत असते. टॅलीचा डेटा वेगळ्याच फोल्डरमध्ये असतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड असतात. माझ्या परिचयातल्या एका घरी दुरुस्तीवाल्याने न विचारता फॉरमॅट मारला आणि आजीच्या पंचाहत्तरीचे सगळे फोटो गेले. ते फोटो दुसरीकडे कुठेच नव्हते. यासाठी मी एवढं पोटतिडकीने लिहितोय.

अगदीच करायचं झालं तर विंडोज १० आणि ११ मध्ये 'रीसेट धिस पीसी' आहे, त्यात 'कीप माय फाइल्स' निवडा. प्रोग्राम जातील, तुमच्या फाइल राहतील. तरीही आधी बॅकअप घ्याच.

लोखंडीपूल

फॉरमॅटबद्दल सहमत. गिऱ्हाईक स्वतःच सांगतं "मारून टाका फॉरमॅट", आणि दोन दिवसांनी फोन येतो, "माझं ते हे कुठं गेलं?" मी आता डिस्कची पूर्ण प्रत काढल्याशिवाय हातच लावत नाही.

शाईपेन

डीटीपीचं (छपाईसाठी पानं मांडायचं) काम घरून करणाऱ्यांसाठी एक मुद्दा. माझ्या मशीनला एसएसडी आहे, रॅम १६ जीबी आहे, तरी कोरल ड्रॉ उघडायला फार वेळ लागायचा. कारण निघालं फॉन्ट. पत्रिका, फ्लेक्स, अहवाल, दिवाळी अंक अशी कामं करता करता श्रीलिपी, आकृती या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरचे, कुणी पेनड्राइव्हवर दिलेले, नेटवरून उतरवलेले असे फॉन्ट साठत जातात. कोरल, फोटोशॉप, वर्ड ही सगळी सॉफ्टवेअर उघडताना बसवलेल्या फॉन्टची यादी तयार करतात, आणि हजारभर फॉन्ट असले की तिथेच रेंगाळतात. मी कामापुरते फॉन्ट ठेवले, बाकीचे एका फोल्डरमध्ये काढून ठेवले. जुनी फाइल आली की तेवढ्यापुरता फॉन्ट बसवते. विंडोजचे स्वतःचे फॉन्ट मात्र काढू नका. मराठी युनिकोडसाठी मंगल आणि निर्मला राहू द्याच.

अजून एक. वेग वाढवायला बरेच जण 'ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स' निवडतात. त्यात सगळ्या खुणा जातात, आणि त्यासोबत 'स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स' पण जाते. मग देवनागरी वाचवत नाही. जोडाक्षरांच्या कडा तुटतात, अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात. तेवढी एक खूण परत लावा. बाकीच्या बंद राहिल्या तरी हरकत नाही.

वेताळटेकडी

@शाईपेन, हा मुद्दा मला सुचला नसता. फॉन्ट गुळगुळीत दाखवायला मशीनवर म्हणावा असा ताण पडत नाही, त्यामुळे ती खूण प्रत्येकाने ठेवावी. ई-पेपर वाचणाऱ्या ज्येष्ठांच्या डोळ्यांचा प्रश्न आहे.

पिंपळपार

मी निवृत्त शिक्षक, नागपूरला असतो. माझ्या संगणकावर उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी पाटी येते, "तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले". दाबलं की एक फोन नंबर येते. संगणक त्यामुळेच हळू चालून राहिला काय? त्या नंबरवर फोन करावा काय?

वेताळटेकडी

सर, कृपया त्या नंबरवर फोन करू नका. हा व्हायरस नाही, ही जाहिरात आहे आणि फसवणूक आहे. एखाद्या साइटने "नोटिफिकेशन पाठवू का?" असं विचारलं असेल आणि 'अलाउ' दाबलं गेलं असेल. तेव्हापासून ती साइट या पाट्या पाठवते. दिसायला त्या विंडोजच्याच वाटतात.

असं करा. क्रोममध्ये उजवीकडे वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. 'अलाउड' यादीत जी नावं ओळखीची नाहीत ती सगळी काढून टाका. त्याच पानावर वर 'साइट्सनी विचारूच नये' असा पर्याय आहे, तोही निवडा. मग एक्स्टेन्शन्समध्ये जा आणि तुम्ही स्वतः न टाकलेलं काही असेल तर काढा. कूपन, हवामान, पीडीएफ कन्व्हर्टर अशा नावांची हमखास सापडतात. शेवटी डिफेंडरने एकदा 'फुल स्कॅन' लावा. तासभर किंवा जास्त लागेल, लागू द्या.

कुणीही फोन करून "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय" म्हणालं आणि एनीडेस्क (दुरून तुमचं मशीन चालवायचं ॲप) किंवा तसं काही टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. मायक्रोसॉफ्ट आपणहून असा फोन करत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवायचं. जितकं लवकर तितकं चांगलं.

पिंपळपार

अकरा नावं निघाली, सगळी काढली. पाट्या थांबल्या. फार उपकार झाले तुमचे.

लिफीकाठ

मी डब्लिनला असते, आईबाबा नाशिकला. त्यांचा लॅपटॉप विंडोज १० चा, इंटेलच्या सहाव्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा. तुमच्या सांगण्याप्रमाणे व्हिडिओ कॉलवर त्यांच्याकडून स्टार्टअप साफ करून घेतलं, खूप फरक आहे. पण 'विंडोज १० चा सपोर्ट संपला' असा निरोप येतोय आणि बाबा घाबरलेत. ११ वर जाता येईल का?

वेताळटेकडी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरं आहे. त्या दिवशी मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेचे अपडेट थांबतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे. सहावी पिढी अधिकृतपणे बसत नाही. आडमार्गाने टाकता येतं, पण दूर राहणाऱ्या आईवडिलांच्या मशीनवर मी तो प्रयोग करणार नाही. एखादा अपडेट अडला तर तुम्ही डब्लिनमध्ये आणि ते नाशिकला.

वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, घरगुती मशीनसाठी कंपनीने जाहीर केलेली मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती फुकट मिळते. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर 'एन्रोल नाऊ' दिसेल. दिसत नसेल तर विंडोज १० ची आवृत्ती २२एच२ आहे का ते आधी बघा. त्यानंतरचा विचार आत्ताच करून ठेवा.

माळरान

त्यानंतरचा विचार म्हणजे लिनक्स मिंट, विंडोजऐवजी टाकायची फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. आमच्या घरी वडील तेच वापरतात. त्यांना ब्राउझर, मेल, छपाई आणि पत्रं टाइप करणं एवढंच लागतं. मिंटची 'एक्सएफसीई' आवृत्ती जुन्या मशीनवर हलकी पडते. पेनड्राइव्हवर घालून, काहीही न पुसता, आधी चालवून बघता येते. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतोय का ते त्यातच तपासा. मराठी टायपिंगला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड उपलब्ध आहे, आणि लिब्रे ऑफिस सोबतच येतं.

कुणी टाकू नये हेही सांगतो. टॅली, श्रीलिपी, किंवा डिजिटल सहीचं टोकन लावून सरकारी पोर्टलवर रोज काम असेल तर विंडोजवरच राहा. अशी कामं लिनक्सवर एकतर होत नाहीत, नाहीतर फार खटपटीने होतात. आणि सी ड्राइव्ह हार्ड डिस्कवर असेल तर मिंटही तुरुतुरु पळणार नाही. एसएसडीचा मुद्दा तिथेही आहेच.

लिफीकाठ

आईला आयसीआयसीआयचं नेटबँकिंग आणि भजनाचे यूट्यूब व्हिडिओ एवढंच लागतं. जूनमध्ये येतेय तेव्हा पेनड्राइव्हवरून चालवून बघते. तोवर एन्रोल करून टाकलं.

रानजाई

सगळं झालं, सविस्तर सांगते. सिस्टीम टाइप ६४ बिट निघाला. ब्राउझर उघडल्यावर मेमरी ८८. क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये 'गुड', दोन्ही ओळी शून्य. मग २५० जीबीची साटा एसएसडी आणि ४ जीबीची डीडीआर३ पट्टी घेतली. दुकानदार म्हणत होता मदरबोर्डच बदला, याला भविष्य नाही. लोखंडीपूल दादांनी सांगितल्याप्रमाणे जुनी पट्टी सोबत नेली होती, तीच पुढे केली आणि हवं तेवढंच घेतलं. जुन्या डिस्कची प्रत क्लोनझिला या फुकट सॉफ्टवेअरने एसएसडीवर घेतली. सी ड्राइव्हमधला पसारा कमी करून त्याचं पार्टिशनही आधी लहान केलं होतं म्हणून बसली. आता सुरू केल्यावर बाबांचा चहा ओतून होईपर्यंत ई-पेपर उघडलेला असतो.

दोन प्रश्न उरलेत. घड्याळ रोज सकाळी २०१४ ची जानेवारी दाखवतं आणि बँकेची साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणते. आणि जुन्या डिस्कचं काय करू?

लोखंडीपूल

घड्याळाचं सोपं आहे. मदरबोर्डवर नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२. तो संपलाय. मेन स्विच बंद झाला की तारीख विसरतो. तारीख चुकली की साइटचं सर्टिफिकेट मुदतीत बसत नाही, म्हणून बँक उघडत नाही. कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. प्लग काढून बदला, छापील बाजू वर. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये) तारीख लावा, आणि सुरू व्हायच्या क्रमात एसएसडी पहिल्या क्रमांकावर आहे ना, तेही तिथंच बघून घ्या. सेल काढल्यावर हा क्रम कधीकधी बदलतो.

जुनी डिस्क तब्येतीनं बरी आहे, तर दुसरी डिस्क म्हणून तशीच जोडून ठेवा. त्यावर फक्त फोटोंची प्रत. पण एकच प्रत पुरेशी समजू नका. विकणार किंवा कुणाला देणार असाल तर नुसतं डिलीट करू नका, क्विक फॉरमॅटनं पण डेटा परत निघतो. पूर्ण फॉरमॅट करा, त्यात डिस्कभर शून्यं लिहिली जातात.

लॅपटॉपवाल्यांनी एक लक्षात घ्या. डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये ती काढून तिथं कॅडी (डिस्क बसवायची चौकट) बसते. एसएसडी मूळ जागी घाला आणि जुनी डिस्क कॅडीत. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत येते, आधी मोजून घ्या.

अजून एक, वर राहून गेलं. लॅपटॉप अचानक एका दिवसात मंद झाला आणि टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग अर्ध्या-पाऊण गिगाहर्ट्झवरच अडकलेला दिसतो, तर चार्जर बघा. काही लॅपटॉपच्या चार्जरला मधोमध बारीक पिन असते. ती वाकली किंवा तुटली की लॅपटॉप चार्जर ओळखत नाही आणि प्रोसेसरला मुद्दाम हळू चालवतो. अशा मशीनवर लोकांनी फॉरमॅट मारलेले आहेत. बिघाड चार्जरचा असतो.

माळरान

नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बदलणाऱ्यांनी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते आधी बघावं. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या विंडोज ११ मध्ये तो बऱ्याचदा आपोआप चालू असतो. बायोसमध्ये बदल केला की ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती खात्यात लॉगिन करून आधीच कागदावर उतरवून ठेवा. की नसेल तर आतला डेटा कुणीच काढून देऊ शकत नाही.

सुपारीबाग

मी सावंतवाडीहून. मुलीला ऑनलाइन शाळेच्या काळात घेतलेला छोटा लॅपटॉप आहे. ४ जीबी रॅम, स्टोरेज ३२ जीबी. सी ड्राइव्ह कायम भरलेला, अपडेट होतच नाही, "जागा नाही" म्हणतो. सगळे फोटो काढले तरी तेच. याला एसएसडी बसेल का?

लोखंडीपूल

३२ जीबी म्हणजे बहुतेक ईएमएमसी. ही साठवणीची चिप बोर्डावरच डाग देऊन (सोल्डर करून) पक्की बसवलेली असते, काढून बदलता येत नाही. विंडोजच त्यातली अर्ध्याहून जास्त जागा घेतं, म्हणून फोटो काढून उपयोग होत नाही. रॅम पण बऱ्याचदा बोर्डावरच असते.

पण काही मॉडेलमध्ये कंपनीनं एम-टूचा (पट्टीसारखी छोटी एसएसडी बसते तो) एक रिकामा स्लॉट किंवा अडीच इंची डिस्कची जागा ठेवलेली असते. तसं असेल तर काम होईल. नसेल तर अपडेटच्या वेळी रिकामा पेनड्राइव्ह लावून बघा, विंडोज जागा कमी पडल्यावर बाहेरची जागा मागतं. तरी अडलं तर माळरान यांनी सांगितलेलं मिंट, ते एवढ्या जागेत बसतं. मशीनच्या पाठीवर मॉडेल नंबर असेल तो इथं टाका, आत स्लॉट आहे का ते बघून सांगतो.